पेटीचं रबर ढिलं आहे

८ डिसेंबर, रविवार. अंजनगाव सुर्जी

पोहोचले एकदाची! अकोटपर्यंत एसटीत उभी, अकोटच्या पुढे खिडकीची जागा मिळाली आणि एक डुलकीही. स्टँडवर देवीदासभाऊ स्वतः घ्यायला आले होते. हे इथल्या सेवा मंडळाचे सचिव, बाजारात त्यांचं झेंडूचं दुकान आहे. हातात हार घेऊनच आले. मी म्हटलं, भाऊ, हा हार मला की पेटीला? बिचारे इतके लाजले की मलाच कसंतरी झालं. गिऱ्हाइकाचा हार चुकून हातातच राहिला होता म्हणे.

काम असं. मंडळाची एक शीतपेटी आहे. घरचं माणूस गेलं आणि पोरगं पुण्याहून, बंगळूरहून यायचं असलं की मयत त्या पेटीत ठेवतात. पेटी पोहोचवायची, लावायची, परत आणायची, धुऊन-पुसून कोरडी करायची. बाईमाणूस हे काम करणार म्हटल्यावर मंडळात बरीच कुजबुज झाली असं कळलं. होऊ दे. आमचे हे वीस वर्षं अकोल्यात फ्रिज दुरुस्त करत होते आणि दुकानात त्यांच्या शेजारी मी बसत होते. ते गेल्यावर तीन वर्षं ते दुकान मी एकटीनं ओढलं. फ्रिजमधलं मला कोणी शिकवू नये.

खोली छान आहे. मंडळाच्या हॉलमागे, पेटीच्या खोलीला लागून. उत्तरेची खिडकी, शहाबादी फरशी, पाय ठेवला की गारठा मेंदूत जातो.

आधी पेटी सांभाळणारे डोमाजी आज लेकीकडे परतवाड्याला राहायला गेले. जाता जाता घाईत दोन गोष्टी सांगितल्या. एक, पेटी कधी रिकामी ठेवायची नाही. मयत नसेल तेव्हा फडक्यात पसाभर ज्वारी बांधून आत ठेवायची. इथली रीत आहे. दुसरी, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते: "काच बाहेरून घामेजली त पुसा. आतून घामेजली त उघडा."

उघडायची कशासाठी ते मी विचारलं नाही. वाळवायला असेल.

ही डायरी बियाण्याच्या दुकानातून मिळालेली, पहिल्या पानांवर तुरीच्या फवारणीचे सल्ले आहेत. मी बोलते 'मले', पण लिहिते 'मला'. शाळेतल्या मराठीच्या बाईंनी त्यासाठी फार छड्या मारल्या होत्या.

१० डिसेंबर, मंगळवार

पहिली पेटी काल गेली, आज परत आली. शफीकभाई मंडळाची गाडी चालवतात, उचलायला तेच. पेटीच्या आतल्या भिंतींवर बोटभर बर्फ. शफीकभाईंनी सरळ पेचकस काढला आणि खरवडायला वाकले. मी असे ओरडले की हातातून पडला त्यांच्या. बर्फाच्या मागेच गॅसची नळी असते. टोक लागलं की गॅस फुस्स, आणि पेटी भंगारात. अकोल्यातल्या निम्म्या बायांचे फ्रिज असेच सुरीनं मेलेत.

मग त्यांना नीट शिकवलं. नुसतं बटन बंद करायचं नाही, प्लग भिंतीतून काढायचा, तोही कोरड्या हातानं. तळाचं बूच उघडायचं, खाली बादली. काच उघडी. उकळतं पाणी काचेवर ओतायचं नाही, तडकते. कोमट पाण्याचं पातेलं घडी केलेल्या पोत्यावर आत ठेवायचं, निवलं की बदलायचं. आणि सगळं कोरडं झाल्याशिवाय प्लगला हात नाही.

त्यांनी विचारलं, दार लावून कोळशाची शेगडी ठेवली तर जल्दी होईल ना? मी म्हटलं, भाई, बंद खोलीत शेगडी ठेवली तर त्या पेटीत आपणच जाऊ. हसले. माणूस चांगला आहे.

अजून एक गोष्ट सांगितली त्यांना, आमच्या ह्यांची. पांढरा भुसभुशीत बर्फ हवेचा. काचेसारखा आरपार बर्फ पाण्याचा, म्हणजे एकदा ऊब लागून वितळला आणि पुन्हा गोठला. बर्फ बघून फ्रिजमध्ये काय झालं ते सांगता येतं. ते कौतुकानं ऐकत होते. मलाही सांगताना बरं वाटत होतं.

१६ डिसेंबर, सोमवार

थंडी म्हणजे किती! बादलीत हात घातला तर बोटं आपली नाहीत असं वाटतं.

सकाळी आठला फोन आला. बेबीताई गेली. भाजीबाजारात पालक-मेथी घेऊन बसायची, मी परवाच तिच्याकडून जुडी घेतली होती. शेताची लाइट इथे रात्री येते, म्हणून हरभऱ्याला पाणीही रात्रीच द्यावं लागतं. नवरा बुधाजीकाका तापानं पडलेला, तर ही एकटी गेली. सकाळी पाटातल्या पाण्यात पडलेली सापडली. अंग गार आणि लाकडासारखं ताठ. एका डॉक्टरनं येऊन नाडी पाहिली, डोळ्यांत मोबाइलचा उजेड टाकला, मान हलवली. मुलगा चंदन बंगळूरहून उद्या सकाळी यायचा, म्हणून पेटी.

नवऱ्याआधी गेली म्हणून बायांनी तिला नवं लुगडं, मळवट, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, सगळं केलं होतं. हात छातीवर ठेवले. मी पेटी दोन अंशांवर लावली.

दुपारी बाराच्या सुमारास काच आतून धुरकटली. सगळी नाही, चेहऱ्याच्या वर, रुपयाएवढी. बेबीताईची धाकटी जाऊ सत्यवती जवळ बसली होती. तिनं विचारलं,

"बाई, काच आतून कावून धुरकट होऊन राहिली? आमच्या जाऊबाईच्या तोंडापाशीच कावून?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी वाकून पाहिलं, काचेच्या कडेनं बोट फिरवलं आणि सांगितलं,

"काही नाही वो. पेटीचं रबर ढिलं आहे. बाहेरची हवा शिरते."

रबर ढिलं होतंच, खोटं नाही. कडेनं चिकटपट्टी लावली आणि पेटी दोनवरून उणे दोनवर नेली. पाऊण तासात काच स्वच्छ. सत्यवतीनं सुटकेचा श्वास सोडला आणि मला चहा आणून दिला. सगळ्या बाया म्हणत होत्या, बाईले मशीनीतलं लय कळते.

१७ डिसेंबर, मंगळवार

चंदन सकाळी आला. दहाला नेलं. बुधाजीकाका रडले नाहीत, नुसते पेटीच्या काचेला हात लावून उभे राहिले.

ठेवताना बेबीताईचे हात छातीवर होते. काढताना उजवा हात बाजूच्या भिंतीला टेकलेला होता. सत्यवतीनं माझ्याकडे पाहिलं. गाडीच्या धक्क्यानं हलला असेल, असं मी म्हटलं. नंतर घरी येताना लक्षात आलं की मयत ठेवल्यापासून पेटी जागची हललीच नव्हती.

देवीदासभाऊंना सांगून टाकलं, नवं रबर मागवा.

१८ डिसेंबर, बुधवार

पेटीतला बर्फ सोडवायला घेतला. खोलीत आठ अंश, अशा गारठ्यात बर्फ काय सुटणार! उन्हाळ्यात दोन तासांचं काम, इथे सकाळपासून चार पातेली पाणी बदललं तरी भिंती पांढऱ्या. देवीदासभाऊ डोकावले आणि त्यांनीही शेगडीच सुचवली. ह्या गावात सगळ्यांना मरायची घाई आहे का?

बुचातून पाण्याबरोबर एक हिरवा काचेचा तुकडा बादलीत पडला. बांगडीचा. ठेवताना बांगड्या सगळ्या शाबूत होत्या, मी स्वतः पाहिल्या होत्या. काढताना फुटली असेल. असेलच.

दुपारी काच पुसून लावली, जेवून आले. काचेवर आतून डाग. रुपयाएवढा. प्लग भिंतीपासून हातभर लांब पडलेला होता.

पातेल्यातली वाफ असेल. पण पातेलं मी जेवायला जाण्याआधीच बाहेर काढलं होतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

लिहू की नको असं झालं आहे. लिहिते.

तळाचा आणि डाव्या भिंतीचा बर्फ सकाळी सुटला. उजव्या भिंतीचा नाही. ऊन खिडकीतून थेट तिथे आलं तेव्हा दिसलं. पांढऱ्या भुसभुशीत बर्फात मधोमध एक जागा काचेसारखी आरपार आहे. चार बोटं आणि अंगठा. तळवा. मनगटाजवळ तीन बारीक गोल रेघा, बांगड्यांच्या.

पांढरा बर्फ हवेचा. आरपार बर्फ वितळून गोठलेला. हे मीच शिकवते लोकांना. गार मयताचा हात टेकला तर बर्फ वितळत नाही. वितळायला ऊब लागते.

किती वेळ बसले होते कोण जाणे. शफीकभाईंनी हाक मारली तेव्हा ओढणी पसरून पेटी झाकली. त्यांना म्हटलं, डोकं दुखतं आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

गुगलवर पाहिलं. फार गार पडलेल्या माणसाची नाडी हाताला लागत नाही. श्वास मिनिटाला एक-दोन. अंग ताठ. मेल्यासारखंच. ऊब दिली तर कधीकधी परत येतं.

मी उणे दोनवर नेली.

डोमाजीले फोन केला. काच आतून घामेजली त उघडायची कशासाठी, ते विचारलं. म्हणाले, धा-बारा वर्षं झाली, एकदा उघडली होती. थंडीचेच दिवस होते. म्हातारा श्वास घेऊन राहिला होता. अजून चार वर्षं जगला, नातीच्या लग्नात जेवला. मंडळाचं नाव खराब नको म्हणून कोणी बोलत नाही. मग विचारलं,

"कावून बाई? तुमी उघडली नाही का?"

मी फोन ठेवला.

सुरी घेतली होती. तो पंजा खरवडून टाकावा म्हणून. हात वर केला अन् नळी आठवली. का नळी नव्हे, बेबीताईच आठवली. सुरी ठेवून दिली.

वरती 'डोमाजीले' लिहिलं आहे. राहू दे.

२२ डिसेंबर, रविवार

पंजा तसाच. बाकी पेटी कोरडी ठक्क. तीन वेळा कोमट पाणी लावलं, केस वाळवायचं यंत्र लांबून धरलं. बाजूचा सगळा बर्फ गेला, पंजा भिंतीले चिकटून.

फडक्यातली ज्वारी काढून पाहिली. मोड आले. ह्या थंडीत घरात मटकीले चार दिवस मोड येत नाही. पेटीत हात घातला. आत ऊब आहे. रजईत असते तशी, माणसाच्या अंगाची.

दुपारी बुधाजीकाका आले. मले वाटलं आता विचारतील, आता सगळं बाहेर येईल. त्यांनी काहीच विचारलं नाही त्यातलं. पेटी पाहू का, म्हणाले. झाकलेल्या पेटीवर हात ठेवला अन् बोलत राहिले. बेबीताईले थंडी बिलकूल सोसत नव्हती. डिसेंबर लागला की दोन रजया अन् पायाशी पोतं. त्या दिवशी पाणी द्यायची पाळी ह्यांची होती, ताप होता म्हणून ती गेली. मग एकदम माझ्याकडे पाहिलं.

"बाई, पेटीत तिले थंडी त नसन वाजली?"

सांगायचं होतं. देवाशपथ, तोंडाशी आलं होतं. अन् मी म्हटलं, नाही हो काका, मेल्यावर कायची थंडी.

ते बरं बरं म्हणाले. हात जोडले मले. मले!

२४ डिसेंबर, मंगळवार

नवं रबर आलं. मीच बसवलं. कडेनं कागद घालून ओढून पाहिला, कुठूनच निघत नाही. एकदम घट्ट.

काच लावली. दहा मिनिटं. डाग.

आता रबराचं नाव घेता येत नाही.

ठरवलं. तेरवी झाली की बुधाजीकाकाले अन् चंदनले सांगीन. काय करायचं ते करा म्हणीन. पोलिसात द्या म्हणीन.

२६ डिसेंबर, गुरुवार

सकाळी चहा करून राहिली होती. बाजूच्या खोलीतून आवाज. किणकिण. काचेवर बांगड्या लागल्यावाणी. थांबते, पुन्हा होते. घाई नाही त्याले. दार ठोकून कोणी वाट पाहते तसं.

गेली. पेटी उघडली. ज्वारी. पंजा. दुसरं काही नाही.

म्हटलं, बेबीताई, चुकली मी. माफ कर.

उघडली की आवाज थांबतो. लावली की —

तेव्हापासून पेटी उघडीच ठेवून राहिली.

२७ डिसेंबर, शुक्रवार

तेरवी उद्या. उद्या सांगते. सगळ्यांसमोर.

शफीकभाईनं विचारलं, भाभी, बिमार हो क्या, तोंड पाहिलंत का स्वतःचं आरशात. मी म्हटलं, थंडी आहे.

२८ डिसेंबर, शनिवार. सकाळ

सातले देवीदासभाऊचा फोन. पेटी घेऊन या म्हणाले, बेबीताईच्याच घरी. बुधाजीकाका. घरात कोणाले न सांगता उठून शेतात गेले. हरभऱ्याले पाणी द्यायले. पाटात सापडले, तिथंच, तसेच.

सांगायचं राहून गेलं.

शफीकभाई पेटी उचलायले आले. मी उजवी भिंत पाहिली. पंजा नाही. भिंत साफ, कोरडी. एवढे दिवस गेला नाही अन् आज —

२८ डिसेंबर. अकरा वाजता, बुधाजीकाकाच्या घरी

पेटीजवळ बसून लिहून राहिली. बाया आहेत, सत्यवती आहे. काकाची लेक सुरतेहून निघाली, संध्याकाळी येईन, म्हणून पेटी.

आल्या आल्या म्हटलं, आधी अंग गरम करा, दवाखान्यात न्या. चंदन म्हणाला, डॉक्टरनं दोनदा पाहिलं, नाडी नाही. मी पुन्हा म्हटलं. त्याले राग आला. माय जाऊन तेरा दिवस नाही झाले, तुमी काय तमाशा लावला, म्हणे. देवीदासभाऊनं मले बाजूले नेलं. बाई, तुमचं काम पेटीचं आहे.

चारवर लावली. त्याच्या खाली न्यायले हात होईना.

काकाचे हात छातीवर आहेत. पाहून राहिली. हलत नाहीत.

साडेअकरा

काच आतून. रुपयाएवढी.

बाहेरून पुसली, गेली नाही. आतूनच आहे. लहान होते, मोठी होते. मधात लय वेळ जाते, मी शंभर मोजले, मग पुन्हा मोठी.

ओरडली. पाहा म्हटलं, पाहा. सत्यवती उठून आली. काचेच्या कडेनं बोट फिरवलं तिनं, मी फिरवलं होतं तसंच. माझ्या पाठीवर हात ठेवला, लहान लेकराले समजावते तसं बोलली.

"काही नाही वो बाई. घाबरू नका. पेटीचं रबर ढिलं असन. तुमीच त सांगितलं होतं."

बाया मान हलवून राहिल्या. बाईले मशीनीतलं कळते. बाईनंच सांगितलं होतं.

रबर नवं आहे. मीच बसवलं. मी सांगितलं त कोणी ऐकत नाही. चंदन माझ्यात अन् पेटीत उभा आहे, बाप आहे माझा, हात लावू नका म्हणते.

किणकिण ऐकू येऊन राहिली. आतून. काकाच्या हातात बांगड्या नाहीत. कोणालेच ऐकू येत नाही का? सत्यवती चहा गाळून राहिली.

ऐकू आलं बेबीताई. ऐकू आलं. ह्या वेळी मले ऐकू आलं.

चंदन दारापर्यंत गेला, कोणी आलं त्याले भेटायले. हे लिहून ठेवते, नंतर मले येडी म्हणतील म्हणून. मी उघडून राहिली. काय व्हायचं ते होऊ दे. डावा हात खटक्यावर आहे. खटका गार नाही. कोमट आहे. वर उचलून राहिली त आतून कोणीतरी माझ्या संगच —